ओठ नसलेल्याची ओठजुळणी

वेलांटी: एका ॲनिमेशनपटाच्या पडद्यामागची कहाणी सांगणाऱ्या माहितीपटाची मराठी संहिता करतेय. नायक परग्रहवासी, संगणकावर घडवलेला. 'लिप-सिंक'ला सवयीने 'ओठजुळणी' लिहीत गेले. अर्धी संहिता झाल्यावर पात्राचं चित्र हाती आलं, तर त्याला ओठच नाहीत! गळ्याशी कल्ल्यांसारख्या तीन चिरा, बोलताना त्यांची उघडमीट होते. आता "चिरांची ओठजुळणी" लिहू? शिवाय "या पात्राला अमक्याने आवाज दिला" हे वाक्य संपादकांनी लाल केलंय. म्हणे, आवाज देणे म्हणजे हाक मारणे.

रफार: संपादकांचं बरोबर आहे. "जिन्यातून आवाज दिला, वरून कुणी ओ दिली नाही." पात्राला आवाज दिला म्हटलं की मला ते लांब उभं असल्यासारखं वाटतं.

नुक्ता: हा हाकेचा अर्थ हिंदीतून घुसलाय. मराठीत हाक मारतात.

रफार: माझी आजी "आवाज दे गं तिला" म्हणायची. तिला हिंदीचा गंध नव्हता. आणि मुळात 'आवाज' फारसी. तुमच्या नुक्त्यासकट.

पायमोड: चेहऱ्यांच्या ॲनिमेशनचं काम केलंय, म्हणून सांगतो. आमच्यात ओठजुळणी कुणी म्हणत नाही. "सिंक बसला", "सिंक सुटला", संपलं. आवाज आधी रेकॉर्ड होतो, हालचाल नंतर त्यावर बसवतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. प, ब, म आले की तोंड मिटलेलं दिसलंच पाहिजे, तेही आवाजाच्या एखादी फ्रेम आधी. उशिरा मिटलं की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. तिन्हींना आकार एकच पुरतो. 'फ'ला मात्र वेगळा करावा लागतो, कारण आपल्यातले बरेच जण तो खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतात. तुमच्या पात्राच्या चिरासुद्धा प-ब-मला मिटत असणार, बघा.

वेलांटी: मिटतात! आत्ता फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन पाहिलं. 'म'ला तिन्ही एकदम.

अर्धविराम: म्हणजे वर्णमाला लावणाऱ्यांनी हे काम आधीच करून ठेवलंय. प-वर्ग, ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे वर्ण. संस्कृत लेखक दंडीच्या दशकुमारचरितात सातव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, मंत्रगुप्त आपली हकिगत सांगतो, पण प्रेयसीने ओठ चावल्यामुळे ते मिटता येत नाहीत. म्हणून अख्ख्या हकिगतीत एकही ओष्ठ्य वर्ण नाही. बिनओठांच्या पात्राचे संवाद लिहायचे तर असे लिहावेत.

नुक्ता: अख्खा चित्रपट 'मी' आणि 'पाणी' न म्हणता? शब्दभ्रमकार काय करतात पाहा. ओठ न हलवता ब-म म्हणायचे तर ते द-नच्या जवळून काढतात आणि आपले कान सांभाळून घेतात.

रफार: शब्दभ्रम! केवढा देखणा शब्द. आपले लोक असे शब्द घडवत होते. सावरकरांनी चित्रपट, दिग्दर्शक दिले, आणि आपण सिंक-सिंक करत बसलोय.

नुक्ता: दिग्दर्शन संस्कृतात आधीपासून होतं, वापर नवा दिला. आणि त्यांनी सुचवलेले शब्द रुजले ते लोकांच्या तोंडात बसले म्हणून. 'ओठजुळणी' कुणाच्या तोंडी ऐकलीत?

पायमोड: 'आवाज दिला'बद्दल एक राहिलं. २००२ च्या 'लिलो अँड स्टिच' या ॲनिमेशनपटातला निळा परग्रहवासी स्टिच ज्याने रेखाटला, त्या सहदिग्दर्शक ख्रिस सँडर्सनेच त्याला आवाजही दिला. २०२५ मध्ये तोच चित्रपट नव्याने केला तेव्हा स्टिच संगणकावर घडला, तरी आवाज सँडर्सचाच. इथे कुणी कुणाला काय दिलं? आपल्याच पोराला आपण आवाज 'देतो' का?

अर्धविराम: पार्श्वगायन चालतं, तर पार्श्वभाषण का नको?

रफार: नको. सभेत मागच्या रांगेत कुणी कुजबुजतंय असं वाटतं.

नुक्ता: त्याआधी 'परग्रहवासी' तपासा. वेलांटी, तुमचा नायक ग्रहावर राहतो तरी का?

वेलांटी: नाही, यानातच जन्मलाय.

नुक्ता: मग वासी कुठला? नुसतं परग्रही म्हणा.

अर्धविराम: परग्रही म्हणजे दुसऱ्या ग्रहाचा. यानात जन्मलेल्याला तेही लागू नाही. शिवाय ऐकायला पत्रिकेतला दोष वाटतो.

वेलांटी: अहो, उद्या दुपारपर्यंत संहिता द्यायचीय. "आवाज दिला" तसंच ठेवलंय, संपादकांशी भांडेन. ओठजुळणी काढून सगळीकडे 'सिंक' केलंय.

रफार: आमच्या घरी सिंक तुंबतं. बसत नाही आणि सुटतही नाही.