सुका कचरा आणि खालच्या दुकानांचं काय?

सोसायटीच्या तळमजल्यावरची दुकानं सोसायटीच्याच डब्यात कचरा टाकतात, ते चालतं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे पुण्यात हाच वाद झाला होता. खाली एक हॉटेल आहे, त्यांचं खरकटं थेट आमच्या सुक्या डब्यात! पुठ्ठे भिजून लगदा. ओला पुठ्ठा भंगारवाला हातातही धरत नाही, आणि नुकसान होतं कचरावेचक मावशींचं. २००८ पासून पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. सुकं विकून येणारे पैसे त्या मावशींचेच असतात.

२०१६ च्या केंद्राच्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण दुकानांनाही लागू होतं; १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी आलेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधं, बल्ब, रंगाचे डबे) असे चार भाग आहेत. रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणारे 'मोठे निर्माते', त्यांची जबाबदारी आणखी जास्त. त्यामुळे हॉटेलवाल्याला वेगळे डबे ठेवायला लावाच.

आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कोणी वेचत बसत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर मात्र कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढूनच द्या.