सुटकेला हरकत आहे का, असं विचारायला हवालदार आला होता. काय लिहून देऊ?

कुळागरवाली, डिचोली

मंगळवारी दुपारी मासळी धूत होते, तेव्हा गेटपाशी मोटारसायकल थांबली. पोलीस स्टेशनचा हवालदार. फाईलमधून एक इंग्रजी कागद काढून म्हणाला, "तुमच्या आत्याच्या केसमधल्या माणसाने वेळेआधी सुटण्यासाठी अर्ज केलाय. घरच्यांची हरकत आहे की नाही, तेवढं लिहून द्या. शुक्रवारी येतो." चहा नको म्हणाला. माझे हात मासळीचे, म्हणून कागद त्यानेच ओट्यावर ठेवला आणि वर लिंबू ठेवलं, उडू नये म्हणून.

आत्या विधवा, मूल नाही. बाबांच्या मूळ घरात, कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला एकटी राहायची. २००७ चा मे महिना. पाऊस लागायच्या आधी माडांचे शेवटचे पाडप (नारळ उतरवणं) चालले होते. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आमच्या ओळखीचा, त्याच्या वडिलांपासून आमच्याकडे चढणारा. वय सव्वीस. मटक्यात बुडालेला, हे पुढे कोर्टात कळलं. सकाळी आई दूध घेऊन वर गेली तर दार नुसतं लोटलेलं. आदोळीसमोर (नारळ खवायच्या विळीसमोर) अर्धा खवलेला नारळ, ताटातल्या खोबऱ्याला मुंग्या, आणि आत्या तिथेच आडवी. आई अजून आदोळीवर बसत नाही. खोबरं मिक्सरवर होतं आमच्याकडे.

हातातल्या चार पाटल्यांपैकी तीन सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात सापडल्या. चौथी नाहीच मिळाली.

२०१० साली निकाल लागला. सरकारी वकिलांनी फाशी मागितली होती. न्यायाधीशांनी जन्मठेप दिली, प्रकरण "दुर्मिळातल्या दुर्मीळ" गटात बसत नाही म्हणून. बाहेर आल्यावर बाबा पायरीवर बसून म्हणाले, "म्हणजे आमची बहीण काय रोज मरते?" हायकोर्टातही तेच कायम राहिलं. बाबा २०१६ मध्ये गेले. फाशी झाली असती तर बाबा शांत गेले असते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कुठे बलात्कार-खुनाची बातमी आली की व्हॉट्सअपवर "लटकवा" लिहिणाऱ्यांत मी पहिली.

आता कागद समोर आहे आणि "हरकत आहे" हे दोन शब्द लिहिताना हात अडतोय. "हरकत नाही" तर त्याहून लिहवत नाही.

एक गोष्ट इथे लिहिते, घरात कुणाशी बोलले नाही. आत्या त्याला चहा द्यायची तो कानतुटक्या कपात. कप बाहेर गडग्यावर (दगडी कुंपणावर) पालथा असायचा, त्याचा त्याने धुवायचा. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खुनाचं हे कारण होतं असं मी म्हणत नाही, कारण सोनं होतं. पण गेले दोन दिवस पाटल्यांपेक्षा तो कपच जास्त आठवतोय.

आईला विचारलं (वय एकोणऐंशी). ती म्हणाली, "म्हाका कित्याक विचारता?" (मला कशाला विचारतेस?) आणि तांदूळ निवडायला बसली.

तर प्रश्न असा: मुळात फाशी व्हायला हवी होती का, आणि झाली नाही तर आता आम्ही नक्की काय म्हणायचं?

सत्तरीचो_वाघ

ताई, यात विचार कसला करताय? हरकत आहे, शंभर वेळा आहे. शिरोड्याच्या त्या खुन्याचं प्रकरण विसरलात? २००९ ला पकडला, ओढणीने गळे आवळलेल्या बायकांची यादी ऐकून सगळा गोवा हादरला. बऱ्याच खटल्यांत पुरावा नाही म्हणून सुटला, काहींत जन्मठेप. चौदा वर्षं सरकारी भात खायचा आणि बाहेर यायचं, याला शिक्षा म्हणतात? फाशी दिली की विषय संपला.

वकील_फोंडा

वाघसाहेब, फाशी "दिली" की विषय संपत नाही. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी घ्या, लहान मुलं पळवून मारणाऱ्या. २००६ साली सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली. २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारने पावणेआठ वर्षांहून जास्त वेळ घेतला. त्या मुलांच्या आयांनी निकाल किती वेळा ऐकायचा?

आता कुळागरवाली ताईंसाठी.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा गैरसमज आधी काढून टाका. १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. पुढे १९६४ मध्ये ते सुटले, पण सरकारने माफी दिली म्हणून. हक्क म्हणून नाही. चौदाचा आकडा आला १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ कलम घातलं तेव्हा. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती किमान मर्यादा आहे, लोक तिला कमाल समजून बसलेत. नव्या संहितेत तेच ४७५ वं कलम आहे. २००८ पासून तर सुप्रीम कोर्ट काही खटल्यांत फाशीऐवजी "इतकी वर्षं माफी नाही" किंवा "शेवटपर्यंत आत" अशी जन्मठेप देतं, आणि २०१५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्का मारला. बाबांच्या प्रश्नाला खरं उत्तर तिथे होतं. पण तुमचा निकाल २०१० चा, तेव्हा हे कुणी मांडलं नसेल तर नवल नाही.

"दुर्मिळातल्या दुर्मीळ" हे १९८० च्या बच्चनसिंग निकालातलं. चार विरुद्ध एक. मरणारा माणूस दुर्मीळ की रोजचा, हा त्यातला प्रश्न नव्हे. गुन्हेगाराला दुसरी कोणतीच शिक्षा पुरेशी नाही का, हा प्रश्न. बाबांना हे कुणीतरी पायरीवर बसून सांगायला हवं होतं. आम्ही वकील सांगत नाही. पुढची केस पुकारलेली असते.

आणि मी स्वतः फाशीच्या विरोधात का, तेही सांगतो. नाशिकजवळ २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा, खून, बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर सरकारने प्रत्येकी पाच लाख द्यावेत म्हणून सांगितलं. साक्षीदाराने आधी पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं, हे कुणी धड पाहिलंच नव्हतं. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

कागदाचं म्हणाल तर, घरच्यांच्या "हरकत आहे"ने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. तुरुंगातली वर्तणूक, पोलिसांचा अहवाल, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत, सगळं सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे जातं. म्हणून सूड-दया यात पडू नका. आई एकटी असते का, तो परत त्याच वाड्यावर राहायला येणार का, तुम्हाला कसली भीती वाटते, ते साध्या मराठीत लिहा.

म्हापशाचा_आजोबा

बाय, तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. माझं वय सत्त्याऐंशी, तेव्हा थोडं लांबण लागेल.

आमच्या लहानपणी गोव्यात फाशी नव्हती, हे आज कुणाला सांगून पटत नाही. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांची फाशी १८६७ मध्येच काढून टाकली आणि तीन वर्षांनी ती सवलत वसाहतींनाही मिळाली. १८८४ मध्ये तर त्यांनी जन्मठेपही काढली. पलीकडे सावंतवाडी संस्थानात इंग्रजांच्या वळणाचा कायदा, तिथे माणूस लटकायचा. पत्रादेवीच्या नाक्याअलीकडे, गोव्यात, नाही. मुक्तीनंतर भारताचा कायदा आला, त्याबरोबर फाशीही आली. आपण स्वतंत्र झालो आणि दोर घेऊन आलो, असं माझा एक मित्र चेष्टेने म्हणायचा. मला ती चेष्टा कधी आवडली नाही, पण खोडताही आली नाही.

मोहन रानडे सांगलीचे, इथे मास्तर होऊन आले, पोर्तुगीजांविरुद्ध बंदूक धरली. १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. इंग्रजांच्या राज्यात असते तर फासावर गेले असते. इथे सव्वीस वर्षं सुनावली, लिस्बनला नेलं. आम्ही मुक्त झालो १९६१ ला. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत! पण सुटले, परत आले, मी हार घातलाय त्यांना.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९५५ ला, अस्नोड्याचा बाळा राया मापारी पोलिसांच्या छळाने कोठडीत मेला. कायद्यात फाशी नव्हती ना! मग खटल्याची तरी गरज काय? म्हणून पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, कायद्याचं कुणी फार कौतुक करू लागलं की मी गप्प बसतो. दोर काढला म्हणजे सरकारचे हात धुतले जात नाहीत. वाघाला वाटतं सरकारने मारावं. सरकारला मारायचं असलं की ते तुझी परवानगी घेत नाही रे बाबा.

निवृत्त_गार्ड

लिहायची सवय नाही, चूकभूल माफ. मी आग्वादच्या जेलला ड्युटी केली, २०१५ ला कैदी कोलवाळच्या जेलला हलवले तोवर. आता आग्वादचं म्युझियम झालंय. नातवंडांना घेऊन गेलो तर एक पोरगी खोलीच्या गजांत तोंड घालून सेल्फी काढत होती. मी म्हटलं जाऊदे.

जन्मठेपवाले कटकट करत नाहीत. कटकट कच्च्या कैद्यांची. त्यांना उद्या जामीन होईल अशी आशा असते, म्हणून भांडतात. जन्मठेपवाल्याला पहिली दोन वर्षं सांभाळावं लागतं, मग तो जेलचाच होतो. एकजण चवथीला (गणेशचतुर्थीला) फर्लोवर, म्हणजे जेलच्या सुट्टीवर, घरी गेला, तिसऱ्या दिवशी परत आला. हातात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा. विचारलं, सुट्टी आहे ना अजून? म्हणाला, घरात झोप येत नाही, रात्री दिवे बंद करतात.

त्याला शिक्षा पुरली की नाही ते मला कळत नाही. आम्हाला फक्त मोजायला शिकवलं होतं, सकाळ-संध्याकाळ.

ताई, तुम्ही एक विचारून घ्या: सुटल्यावर तो जाणार कुठे? घरच्यांनी घेतलं नाही की हे लोक दारूच्या गुत्त्यावर नाहीतर परत आत. अहवालात "भाऊ ठेवून घेणार" असं लिहिलेलं असतं, आणि भावाला कुणी विचारलेलं नसतं.

सत्तरीचो_वाघ

नेवऱ्या काय, डबा काय. मेलेल्या बाईची चवथ कोण करतो?

निवृत्त_गार्ड

ते खरं.

कुळागरवाली, डिचोली

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. शुक्रवारी हवालदार आला.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं मी आदल्या रात्री लिहून ठेवलं होतं. आई दुपारी घरी एकटी असते. त्याचं घर आमच्या गडग्यापासून पाच मिनिटांवर. सोडायचं झालं तर निदान आई आहे तोवर त्याने या वाड्यावर राहू नये. आणि भावाला खरोखर विचारलंय का, ते बघावं. हरकत आहे की नाही, ती रेघ मोकळीच ठेवली. कपाचंही लिहिलं होतं, मग तेवढं पान फाडलं. ते मंडळापुढे जायचं काम नव्हे.

हवालदार वाचत होता तेवढ्यात आई चष्मा पुसत बाहेर आली आणि म्हणाली, मलाही लिहायचंय. एरवी ती सही पण करत नाही, बँकेत अंगठा देते. शाळा चौथीपर्यंत झालीय. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकच ओळ लिहिली, पाच मिनिटं लागली: "चौथी पाटली कुठे ठेवली ते त्याने सांगावे."

हवालदार म्हणाला, "मावशी, हे यात बसत नाही. हरकत आहे का नाही, एवढंच."

आई म्हणाली, "ती तिच्या आईची होती. तीन घेऊन मी काय करू?"

हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. कोर्टाने परत दिलेल्या तिन्ही पाटल्या लाखेच्या सीलसकट अजून लॉकरमध्ये आहेत. आई त्यांना कधी हात का लावत नाही, याची आम्ही आपापली कारणं ठरवून टाकली होती. नणंद-भावजयीचं शेवटची तीन वर्षं वाटणीवरून बोलणं नव्हतं, दूध मात्र रोज जायचं. आई आत्याबद्दल इतकं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

वाघ, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं. आत्याची चवथ आम्ही करतो. आणि बाबा असते तर तुमच्या बाजूने असते, हेही खरं. पण फाशी झाली असती तर आईने हे विचारायचं कुणाला, एवढं एक माझ्या डोक्यातून जात नाही. तो सांगेल असंही नाही. मटक्यावाल्याला दिली असेल, वितळूनही गेली असेल.

हवालदाराने कागद घडी करून खिशात ठेवला. या वेळी चहा घेतला.

वकील_फोंडा

चांगलं लिहिलंत. कागदाची पोच घेतली का?

कुळागरवाली, डिचोली

नाही हो. झेरॉक्सही काढली नाही. सोमवारी स्टेशनवर जाते.