'सम लाइक इट हॉट'मधल्या जोला माफी कशाबद्दल?

रोवणीवाली (लाखांदूर)
बिली वाइल्डरचा हा १९५९ चा सिनेमा मला मनापासून आवडतो. पण जोला सगळे इतक्या सहज कसे सोडून देतात, ते पटत नाही. १९२९ चं शिकागो. टोळीवाल्यांनी केलेलं हत्याकांड डोळ्यांदेखत पाहिलेले जो आणि जेरी हे दोन वादक जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. इथवर काहीच तक्रार नाही. पण आगगाडीत बँडची गायिका शुगर (मेरिलिन मन्रो) 'जोसेफिन' बनलेल्या जोला मैत्रीण समजून मन मोकळं करते. सॅक्सोफोनवाल्यांनी आपल्याला दरवेळी कसं फसवलं ते सांगते, आता चष्मेवाला, साधा, पैसेवाला माणूस हवा म्हणते. आणि फ्लोरिडात पोचल्यावर जो नेमका चष्मा लावून, तेल कंपनीचा वारस बनून तिच्यापुढे हजर! भाताच्या रोवणीच्या बांधीत बाया एकमेकींशी जे बोलतात, ते कोणी चोरून ऐकून त्यांच्यावरच वापरलं, तर आपण हसू का?

वडसेकर
ताई, अर्धाच सिनेमा सांगतला तुम्ही. शेवट? गुंड मागं लागले हायेत, पळाची घाई हाय, अन् शुगर रडवेली होऊन गाणं म्हणते. तवा जो बाईच्याच कपड्यात स्टेजवर चढते, साऱ्या लोकांसमोर तिचा मुका घेते अन् म्हणते, रडू नको, कोणताच पुरुष त्या लायकीचा नसते. मंग बोटीत सोताच सांगते का मी लबाड हाओ, तोच सॅक्सोफोनवाला. मी खडी गंमतीच्या लोकनाट्यात बाईचं काम केलं हाय. पदर सांभाळत लोकाच्या नजरा झेलल्या का माणूस पहिल्यासारखा राहत नाई. जेरीले लिफ्टमध्ये चिमटा बसते, तवा बायकांचं जगणं आता कळलं ना, असं जोच म्हणते.

रोवणीवाली
दादा, म्हणतो खरा, पण हे कळल्यावरही तो शुगरला फसवतच राहतो! पळायच्या आधी फोनवर सांगतो की आपलं लग्न व्हेनेझुएलात ठरलंय. वर जेरीला बाई समजून त्याच्यावर भाळलेल्या श्रीमंत ऑस्गुडनं जेरीला दिलेलं हिऱ्यांचं ब्रेसलेट जेरीला न विचारता तिला पाठवून देतो. निरोपाची भेटसुद्धा स्वतःची नाही. बोटीतली कबुली खरी आहे, पण ती क्षणात उरकते आणि शुगर क्षणात विरघळते. तिला चिडायला एक मिनिट तरी द्यायचं होतं.

ब्रह्मपुरीचा प्रेक्षक
तुम्ही दोघंही जोवरच अडलात. सिनेमा जेरीचा आहे! ऑस्गुडशी साखरपुडा झाल्यावर तो खोलीत खुळखुळे वाजवत नाचतो, तो प्रसंग परत पाहा. प्रेक्षकांच्या हसण्यात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून वाइल्डरनं जेरी झालेल्या जॅक लेमनच्या हातात ते खुळखुळे दिले होते. वाक्य, खुळखुळा, पुन्हा वाक्य. तो चेहरा सोंग करणाऱ्याचा नाहीच, त्याला खरंच आनंद झालाय. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'त साडी नेसतात ती भाड्याच्या खोलीसाठी, आणि काम झालं की ती उतरवायची घाई असते. जेरी मात्र साखरपुड्यात रमून गेलाय. आणि शेवटी त्यानं विग काढला तरी ऑस्गुड हसतोच. फसवलं गेल्याचा राग त्याला येत नाही, मग आपण का धरावा?

रोवणीवाली
ऑस्गुडनं राग धरला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानं जोचा हिशोब चुकता होत नाही.

वडसेकर
बरं, मंग शुगरचं काय? तीबी त्या नकली वारसापुढं मोठ्या घरची पोरगी बनते, संगीत विद्यालयात शिकल्याचं सांगते. खोटं दोघंबी बोलतेत. एकट्या जोले काहून झोडपता?

रोवणीवाली
हे मान्य, तीही खोटं बोलते. पण ती अंदाजानं बोलते, समोरच्याला काय हवंय ते तिला माहीत नाही. जोकडे मात्र तिचं सगळं गुपित आहे, आणि ते तिनं त्याला दिलंच नव्हतं. जोसेफिनला दिलं होतं.