मदत हवी आहे : ऊसतोडीला गेलेल्या बायकांचं अंतरा (गर्भनिरोधक) इंजेक्शन

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात आशा आहे. दसरा-दिवाळीला आमच्या गावातले कितीतरी कोयते (ऊसतोडीची जोडपी) कोल्हापूर-सांगलीकडे तोडीला जातात. गावात अंतरा सुरू केलेल्या बायकांचा पुढचा डोस तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन हंगामात येतो. सरकारी दवाखान्यात तो फुकट आहे, पण पहाटेच उसाच्या फडात गेलेली बाई दवाखान्याच्या वेळेत पोचणार कशी? खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. एकीला तर "तुमच्या गावाकडंच घ्या" म्हणून परत पाठवलं. दुसरी सहा महिन्यांची गरोदर आहे, तिची तपासणीच झालेली नाही.

शिरोळ, वाळवा भागातल्या कुणी आशाताई, सिस्टर इथे आहेत का? सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, तिला त्या गरोदर बाईला नेता येईल का? कोप्यांवर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) जाऊन डोस द्यायची सोय कुणी केली असेल तर कशी, तेही सांगा. तारीख जवळ आलीय.