दोन फीडर, दोन डीजी (डिझेल जनरेटर), तरी कॅम्पस अंधारात. तिसरा डीजी घ्यावा का?

कॅम्पस_इलेक्ट्रिकल

नमस्कार मंडळी. नागपुरात वर्धा रोडच्या बाजूला आमचा कॅम्पस आहे. तीन इमारती, एकीत सर्व्हर रूम, बाकी दोन्हींत मिळून सोळा कंपन्या. विजेचं सगळं माझ्याकडे. उन्हाळ्यात लोड ९०० केव्हीएपर्यंत जातो, त्यातला अर्ध्याहून जास्त एसीचा. ११ केव्हीचे दोन फीडर (सबस्टेशनातून येणाऱ्या लाइनी), ६२५ केव्हीएचे दोन डीजी, सर्व्हर रूमला वेगळा यूपीएस. भाडेकरूंना मी छातीठोक सांगायचो, इथे लाइट जाणार नाही.

नवतपात एका संध्याकाळी वादळ आलं. पहिला फीडर गेला, चार सेकंदांत दुसरा. एक डीजी उठला, दुसऱ्यानं नुसतं 'टक्' केलं. सगळा लोड एकावर आला आणि तोही ओव्हरलोडवर ट्रिप. यूपीएसनं २० मिनिटं धरायला हवं होतं, सातव्या मिनिटाला बसला. रात्रपाळीची पोरं मोबाइलच्या उजेडात बसून होती. त्यांना शब्द मी दिला होता, म्हणून फार लागलं.

मालक म्हणतात, तिसरा डीजी घेऊन टाका. तुमचं काय मत?

निवृत्त_सबस्टेशनवाला

भाऊ, डीजीचं नंतर पाहू. आधी सांगा, दोन्ही फीडर येतात कुठून? चार सेकंदांच्या फरकानं दोन्ही जातात म्हणजे मला तरी एकच दिसतं: दोन्ही सर्किट एकाच खांबांवर आहेत. एक फांदी पडली की दोन्ही गेले. बिलं दोन येतात, पण वाट एकच.

मी ३१ वर्षं सबस्टेशनात काढली. २०१२ च्या जुलैत ३० तारखेला उत्तरेची ग्रिड कोसळली, ३१ ला उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्यही. आपली पश्चिमेची ग्रिड मात्र टिकली. एवढं मोठं संकट नागपूरला शिवलं नाही, आणि तुम्हाला एका वादळानं गाठलं. लोक म्हणतात, कोराडी-खापरखेडा उशाशी आहे, आपल्याला काय चिंता. अहो, वीज कोराडीत तयार होते, पण जाते ती तुमच्या गेटाबाहेरच्या खांबावरून.

एक काम करा. सकाळी उन्हं चढायच्या आत गेटापासून सबस्टेशनपर्यंत लाइनीखालून पायी चाला. गाडीनं नको, गाडीतून खांब मोजले जात नाहीत. कुठे दोन्ही एकत्र येतात, कुठे एकाच चरातून केबल जाते, सबस्टेशनात एकाच ट्रान्सफॉर्मरवर बसलेत का, सगळं लिहून आणा. दुसरा फीडर वेगळ्या सबस्टेशनातून, वेगळ्या रस्त्यानं, शेवटचा तुकडा जमिनीखालून आला तरच त्याला दुसरा म्हणायचं. आणि दोन्ही इनकमरमध्ये, म्हणजे फीडर आत येतात त्या मुख्य ब्रेकरमध्ये, इंटरलॉक (दोन्ही एकदम चालू होऊ न देणारी सोय) आहे ना, तेही बघा. दोन सोर्स चुकून एकत्र आले तर ब्रेकरसमोर उभा असलेला माणूस जातो.

आता डीजी. ९०० चा लोड आणि ६२५ चे दोन, म्हणजे दोन्ही लागतातच. जास्तीचा एकही नाही! त्यात ४५ अंशांत इंजिन पाटीवरचे पूर्ण केव्हीए देत नाही. आधी लोड वेगळा काढा: सर्व्हर, लिफ्ट, पंप, दिवे, बसायच्या जागेचे मोजके एसी. एवढंच आधी चढलं पाहिजे, बाकीचे एसी टप्प्याटप्प्यानं. हे एका डीजीवर बसलं तर दुसरा आपोआप राखीव होतो. तो 'टक्' म्हणजे बहुतेक स्टार्टिंगची बॅटरी. डीजी न उठण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच.

सर्व्हररूम_ताई

काकांचं पटलं. मी यूपीएसबद्दल सांगते, कारण आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. दादा, बॅटरी रूमचा एसी रात्री चालू असतो का? सील्ड लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर साधारण दर १० अंशांना ते निम्मं होतं. आमच्याकडे वीज वाचवायची म्हणून संध्याकाळी एसी बंद करत, आणि पाच वर्षांची बॅटरी दोन उन्हाळ्यांत संपली. व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत नीट दिसायचं. एक ब्लॉक, म्हणजे एक बॅटरी, कमजोर निघाला की अख्खी स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्यांची रांग) बसते. प्रत्येक ब्लॉकचा अंतर्गत रोध मोजून घ्या, आणि वर्षातून एकदा खऱ्या लोडवर डिस्चार्ज टेस्ट करा.

कॅम्पस_इलेक्ट्रिकल

काका, काल साडेपाचला निघून चाललो. १९ खांब दोन्ही फीडरचे एकच. नाल्याच्या पुढे कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या फांद्या अजून तारांना टेकतात. सबस्टेशनातही ट्रान्सफॉर्मर एकच. इतकी वर्षं मी त्याच रस्त्यानं कामाला येतो, कधी वर पाहिलं नाही. स्टार्टिंगची बॅटरी चार वर्षांची निघाली, बदलली. ताई, बॅटरी रूममध्ये रात्री ३७ अंश होते, एसीच्या टायमरमुळे. टायमर काढला.

दुसऱ्या सबस्टेशनातून फीडर मिळतो का, याचा अर्ज तयार करतोय. मालकांना सांगितलं, तिसऱ्या डीजीचे पैसे त्या केबलला द्या. अजून 'हो' म्हणाले नाहीत. महत्त्वाचा लोड ४०० केव्हीए भरला, म्हणजे एका डीजीवर बसतो. डिझेल किती ठेवता येईल?

टाकीवाला

बिनपरवाना २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलीही टाकी १००० च्या वर नको. म्हणून तर डीजीच्या टाक्या ९९० च्या असतात. त्याहून जास्त हवं असेल तर पेसोचा (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) परवाना लागेल. त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. ४०० केव्हीएला ताशी ८०-९० लिटर धरा. दोन्ही टाक्या भरलेल्या असतील तर जवळपास एक दिवस निघतो.

कॅम्पस_इलेक्ट्रिकल

धन्यवाद भाऊ. येत्या रविवारी सकाळी सातला दोन्ही इनकमर पाडून टेस्ट घेतो. नोटीस आजच लावतो.

निवृत्त_सबस्टेशनवाला

रविवारी घ्या, पण ती पहिली समजा. रविवारी सकाळी ऑफिसं बंद, एसीचा लोडच नसतो, मग डीजीला कळणार काय? सगळं नीट चाललं तर भाडेकरूंना विचारून कामाच्या दिवशी दुपारी तीनला पुन्हा घ्या, आणि निदान दोन तास तरी चालू द्या.