एक मास्तर ध्रुवावर, की अख्खा वर्ग ओढ्यावर?

समोच्चरेषा
भूगोलाच्या शिक्षकांना मोहिमेवर नेणाऱ्या फेलोशिपांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते इथे मांडून जोडे खायची तयारी आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: नॅशनल जिओग्राफिक सोसायटी आणि लिंडब्लाड एक्स्पिडिशन्स ही जहाजसफरी काढणारी कंपनी यांनी 2007 मध्ये ग्रोव्हनर टीचर फेलोशिप सुरू केली. अमेरिका-कॅनडातले निवडक शिक्षक लिंडब्लाडच्या जहाजांवरून आर्क्टिक, अंटार्क्टिका, विषुववृत्तावरची गॅलापागोस बेटं अशा ठिकाणी जातात. अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र-हवामान खात्याने त्याच्या कितीतरी आधी, 1990 मध्ये, शिक्षकांना संशोधन जहाजावर घ्यायला सुरुवात केली. पोलरट्रेक या तिथल्याच आणखी एका कार्यक्रमाने शिक्षकांना ध्रुवीय संशोधकांच्या तुकडीत पाठवलं.

ऐकायला छान. होतं काय? एक जण जाऊन येतो, स्लाइड दाखवतो, मुलं पेंग्विन बघून हरखतात. दोन वर्षांत ती मुलं शाळेतून बाहेर आणि पेंग्विन पेनड्राइव्हमध्ये. एका जागेच्या खर्चात कितीतरी वर्ग जवळच्या ओढ्यावर जाऊन येतील. वळणाच्या बाहेरचा काठ कापला जातो आणि आतल्या बाजूला वाळू साठते, हे गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलेलं पोर जन्मात विसरत नाही.

आणि शिकवायला फिरावं लागतंच असं कुठे आहे? जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1756 पासून सुमारे 40 वर्षं प्राकृतिक भूगोलावर व्याख्यानं दिली, आणि कोनिग्सबर्ग या आपल्या गावाचा परिसर सोडून तो कधी लांब गेला नाही.

दर्यावर्दी
कांट तुमच्यावरच उलटतो की! त्याच व्याख्यानांच्या छापील आवृत्तीत गोऱ्या वंशात माणूसपण सर्वांत पूर्णत्वाला गेलंय, असं लिहिलंय. ज्यांना जन्मात पाहिलं नाही अशा लोकांची प्रतवारी घरबसल्या लावून मोकळा. खुर्चीतल्या भूगोलाचा याहून चांगला दाखला मला तरी सापडला नसता.

समोच्चरेषा
पण कांटने ते वाचलं कुठे? प्रवासवर्णनांत. म्हणजे जे फिरून आले होते त्यांच्याच लिखाणात. फिरल्याने डोळे उघडतातच असं नाही, पुष्कळदा नेलेला समजच पक्का करून माणूस परत येतो.

दर्यावर्दी
हे मान्य. (चडफडत मान्य.) म्हणूनच पाहुणा म्हणून जाणं आणि कामाला जाणं यात मी फरक करतो.

मी यातल्या कुठल्या फेलोशिपवर नव्हतो, पण शिकवत असताना एकदा मासेमोजणीच्या जहाजावर दोन आठवडे मदतनीस म्हणून राहिलो. बारा-बारा तासांची पाळी. मला रात्री बारा ते दुपारी बारा मिळाली होती. ट्रॉल, म्हणजे जहाजामागून ओढायचं जाळं, वर आलं की मासे जातीनुसार वेगळे करायचे, लांबी मोजायची, काहींच्या डोक्यातून कानाचा खडा काढायचा. त्याच्या कापावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वय कळतं. पहिले तीन दिवस मी फक्त ओकत होतो, तेव्हा स्लाइड वगैरे सुचतही नव्हत्या.

परत आल्यावर शिकवण्यात काय बदललं ते सांगतो. आधी मी नकाशातल्या रंगाकडे 'हे असं आहे' म्हणून बोट दाखवायचो. आता मला माहीत आहे की तो रंग म्हणजे मोजलेले काही ठिपके आणि मधल्या जागेचा अंदाज. एका ठिपक्यावर जाळं फाटलं होतं, एका ठिकाणी लाटांमुळे टाकलंच नाही. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने 1817 मध्ये समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या) मांडल्या त्या काही मोजक्या ठिकाणांच्या सरासरी तापमानावरूनच. पुस्तकात मात्र रेषा अशी सलग येते की जणू जमिनीवरच आखलेली आहे. तुमचं नावच समोच्चरेषा, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

बर्फगणित
तुम्ही दोघं जहाज फुकट चालतं असं धरून बोलताय. अंटार्क्टिकाला एका हंगामात जाणाऱ्या पर्यटकांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेलाय. 2022 मध्ये एक अभ्यास आला: जहाजांच्या धुरातल्या काजळीने बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. तिथे जाणाऱ्या दर माणशी वितळणाऱ्या बर्फाचा त्यांनी काढलेला अंदाज सुमारे 83 टन. त्यात थोडंफार इकडेतिकडे धरा, तरी हवामानबदल शिकवायला बर्फ वितळवत जायचं हे मला झेपत नाही.

दर्यावर्दी
जहाज तसंही निघणारच आहे. ती खोली शिक्षकाला नाही मिळाली तर दुसरा कोणी पैसे भरून घेईल.

बर्फगणित
जहाजावरचा प्रत्येक माणूस हेच म्हणत असतो.

मागचा_बाक
बर्फ, कांट सगळं ठीक. पण अर्ज कोण भरतं ते बघा ना. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तो जाहिरात वाचून पान उलटतो. ज्याला वर्गावर बदली शिक्षक मिळत नाही तोही. निवड उत्तम शिक्षकाची होते म्हणतात, प्रत्यक्षात ती आधी मोकळ्या माणसाची होते. मी दोनदा अर्ज अर्धा भरून सोडलाय, तेव्हा मला आकसाने बोलतोय म्हणा खुशाल.

समोच्चरेषा
मागचा_बाक, हा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता, आणि तो माझ्या पैशांच्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे.

मी थोडी माघार घेतो. पेंग्विन बघायला नको, मोजायला पाठवा, एवढं दर्यावर्दींचं ऐकतो. खरं तर गॅलापागोसचा पेंग्विन मी इतकी वर्षं 'थंड प्रवाहामुळे' एवढ्या दोन शब्दांत उरकत आलोय. विषुववृत्तावर पाणी किती गार असतं, कुठल्या महिन्यात असतं, त्या पाण्यात मासे कमी झाले की त्या पक्ष्याचं काय होतं, हे मुलांनी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. ते विचारत नाहीत, कारण मी विचारायला जागाच ठेवत नाही.

पण पैशाबाबत माझं मत तेच. पाठवायचंच तर परत आल्यावर भाषणं नकोत, आकडे मागा. कच्चे. फाटलेल्या जाळ्यासकट.

दर्यावर्दी, त्या दोन आठवड्यांची नोंदवही अजून आहे का तुमच्याकडे?

दर्यावर्दी
आहे. मिठाने पानं चिकटलीत, आणि पहिल्या तीन दिवसांचं अक्षर मलाही लागत नाही.

समोच्चरेषा
जेवढं लागतं तेवढ्याचे फोटो टाका. सोमवारी वर्गात समताप रेषा घ्यायच्या आहेत, त्याऐवजी हे ठिपके देतो आणि पोरांनाच रेषा ओढायला लावतो.

बर्फगणित
मोकळ्या सोडलेल्या ठिपक्यांवर खूण करायला विसरू नका.