दिल्ली २, आग्रा १, जयपूर १ : तुमचा हिशोब कुठे चुकला?

सांजवात :
आज माळा आवरताना बाबांची २००७ची डायरी हाती लागली. मे महिन्याच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात : दिल्ली २, आग्रा १, जयपूर १. त्यातला आग्र्याचा एक नेमका शुक्रवार! ताज शुक्रवारी बंद असतो हे रिक्षावाल्याने सांगितलं तोवर आमच्या आंघोळी, नाश्ता सगळं उरकलं होतं. रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलेली, म्हणजे थांबायचा प्रश्नच नाही. बाबा जराही न डगमगता किल्ल्यात घेऊन गेले. महाराजांची पेटाऱ्यांची गोष्ट रंगवून सांगितली आणि मग बुरुजावरून लांब बोट केलं, "तो बघा ताज. शहाजहाननेसुद्धा इथूनच बघितला, आपण कोण?" आई दोन दिवस बोलत नव्हती.
तुम्ही कुठल्या शहराला किती दिवस दिलेत? कमी पडले की जास्त झाले? लिहा.

कोकमसरबत :
हाहा बाबा भारी!! आमचं उलट. सासूबाईंच्या हट्टाने काशीला ५ दिवस. मी आधीच कुरकुर सुरू केली होती, विश्वनाथ आणि गंगारती झाली की करायचं काय? पहिले दोन दिवस खरंच नुसती गर्दी आणि चिखल. तिसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी अस्सीवरून घाटाघाटाने चालत निघायचो. भोसले घाट, अहिल्याबाईंचा घाट, शिंदे घाट, सासूबाई प्रत्येक ठिकाणी "आपलेच गो" म्हणून पायरीवर बसणार. चौथ्या दिवशी कचोरीवाला न विचारता जिलबी वाढायला लागला. थंडीत गेलात तर मलइयो खा, इतर वेळी मिळत नाही. कुकर झाला, येते.

गडी_एकटा :
शहाजहान वारला जानेवारी १६६६ मध्ये, महाराज आग्र्याला पोचले मे मध्ये. म्हणजे चारच महिन्यांनी. बाबांना सांगा :)

सांजवात :
बाबा नाहीत आता. पण त्यांना हे माहीत असणार, नक्की.

गडी_एकटा :
अरे, माफ करा.

तिखटमीठ :
डायरी नीट जपून ठेव ग. शाई उडते.

पोटोबा :
युरोप, १२ दिवस ७ देश. पॅरिसला दीड दिवस, त्यात मंगळवार. लूव्ह्र मंगळवारी बंद. टूरवाल्याने बाहेरच्या काचेच्या पिरॅमिडपाशी "फोटो स्टॉप" दिला, १५ मिनिटं. रोमला रविवार, व्हॅटिकनची म्युझियम बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). पावभाजी मात्र रोज वेळेवर! गटातल्या एका काकांनी मला कोलोसियमसमोर विचारलं, हे पाडलं कोणी?

निवांत :
दिवस मोजू नका हो, बाथरूम मोजा. आम्ही ९ जण, २ बाथरूम. साडेअकराच्या आत कधीच बाहेर पडलो नाही. ४ दिवस म्हणजे खरे दोनच.

कोकमसरबत :
निवांत +१००

वेरूळकर_नाही :
आमच्या संभाजीनगरला पुण्या-मुंबईचे पाहुणे शनिवारी रात्री येतात आणि म्हणतात उद्या अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, मकबरा, आणि संध्याकाळी पैठणी. अहो अजिंठा शंभर किलोमीटर आहे! फर्दापूरला गाडी ठेवायची, तिथून बसने जायचं, मग ३० लेणी. वेरूळ वेगळ्या दिशेला, ३४ लेणी, एकट्या कैलासालाच अर्धा दिवस द्या. बरं अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, त्यामुळे रजा टाकून आलात तरी फसता. मी आता फोनवरच सांगतो, ३ दिवस असतील तर या. मेव्हणा तेव्हापासून रुसलाय, आलाच नाही. तेही बरंच आहे.

तिखटमीठ :
माझा जन्म गिरगावातला, वय ४६, घारापुरी अजून बघितली नाही. अमरावतीची नणंद एका दिवसात गेटवे, घारापुरी, राणीबाग, जुहू करून गेली आणि वर मला माहिती देत होती.

निवांत :
राणीबाग बुधवारी बंद बरं का.

तिखटमीठ :
मी कुठे चाललेय!

पोटोबा :
सांजवात, डायरीत आग्र्याचा खर्च लिहिलाय का? पेठा केवढ्याचा होता?

सांजवात :
आहे की. रिक्षा, किल्ल्याची तिकिटं, पेठा २ किलो, पाणी. आणि शेवटी एका ओळीत "ताज – ०", त्याला खाली दोन रेघा. आत्ता दिसलं, हसूच आलं. जानेवारीत आईला घेऊन जातेय, ४ दिवस फक्त आग्रा. वार तपासलाय.

मोगरा१२ :
उशिरा आले, सगळं वाचलं नाही. डिसेंबरात जयपूरला जातोय, स्वेटर लागतो का?

गडी_एकटा :
लागतो. सकाळी आमेरला कानटोपीसुद्धा.